कुब्जा, गांधारी आणि आपण: प्रेमकथेतली अपंग माणसं

आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून काही मंडळी गालात हसली असतील. प्रेमकथा हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला? आणि त्यातही अपंग नायक, अपंग नायिका? पण एक गोष्ट लक्षात घ्या. एखादा समाज कुणाला मताचा अधिकार देतो हे राज्यघटनेत लिहिलेलं असतं, कुणाला नोकरीत जागा राखून ठेवतो हे शासन निर्णयात सापडतं. कुणावर प्रेम करता येतं, कुणाशी सोयरीक होऊ शकते, हे मात्र कुठल्याच सरकारी कागदात सापडत नाही. ते गोष्टींत सापडतं. म्हणून आम्ही आज गोष्टींचा इतिहास सांगणार आहोत, आणि तो सांगताना आपल्या मनाची थोडी झडती घेणार आहोत.

आधी भाषेकडे बघू. आपल्याकडं स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा पोरीला दोन पावलं चालायला लावायचे, एखादं वाक्य वाचायला सांगायचे, सुईत दोरा ओवायला द्यायचे. ह्यात पोरीचं कौतुक नव्हतं. पाय, वाचा आणि डोळे तपासून घेणं होतं. जाहिरातीत ‘निर्व्यंग’ हा शब्द गोरी, उंच, पदवीधर यांच्या रांगेत बसलेला आपण वाचलेला आहे. म्हणी बघा. ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’ म्हणजे विनोद. दोन अपंग माणसं एकत्र आली की आपली भाषा आधी हसते. आणि दुसरीकडं हीच भाषा बायकोला ‘अर्धांगी’ म्हणते आणि पक्षाघाताला ‘अर्धांगवायू’. एकाच शब्दानं ती लग्नही सांगते आणि लुळं पडणंही. आपण पुरे नाही आहोत म्हणून दुसरं माणूस लागतं, हे त्या शब्दाला कळलेलं आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ संवादात ॲरिस्टोफेनिसच्या तोंडी हेच आहे: माणसाला देवांनी मधोमध कापलं, तेव्हापासून प्रत्येक अर्धं दुसऱ्या अर्ध्याला शोधत हिंडतं. म्हणजे प्रेमाच्या तत्त्वज्ञानात प्रत्येक माणूस अपुराच आहे. मग काही माणसांचा अपुरेपणा प्रेमाच्या आड का यावा? हा आजचा प्रश्न.

आता पुराणकथांकडं. आपल्याकडं अशा कथांचा तोटा नाही. भागवताच्या दशम स्कंधात कुब्जा आहे, तिचं दुसरं नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली. ती कंसासाठी उटणं घेऊन निघालेली असते. कृष्ण तिच्या पावलावर पाय ठेवतो, हनुवटीला बोटं लावून वर उचलतो आणि ती सरळ होते. सरळ झाल्यावर ती त्याला घरी बोलावते आणि पुढं तो जातोही. क्रम ध्यानात घ्या. आधी पाठ सरळ, मग प्रेम.

च्यवन आणि सुकन्येची कथा घ्या. राजकन्या वारुळात चमकणाऱ्या दोन गोष्टींना काटा टोचते, ते निघतात च्यवन ऋषींचे डोळे. भरपाई म्हणून राजा मुलगी त्या म्हाताऱ्या, आंधळ्या ऋषीला देतो. ती निष्ठेनं राहते, अश्विनीकुमार येतात, ऋषीला तरुण करतात. इथंही शेवटी इलाज आहेच. पण ह्या कथेत एक फार सुंदर जागा आहे. पाण्यातून तिघं बाहेर येतात, दोन देव आणि एक नवरा, तिघांचं रूप एकसारखं. सुकन्येनं आपला नवरा ओळखायचा. म्हातारपणाच्या, आंधळेपणाच्या सगळ्या खुणा पुसलेल्या आहेत, आणि तरी ती त्याला ओळखते. कशावरून ओळखलं? व्यंग हीच त्या माणसाची ओळख असती, तर ते गेल्यावर ती चुकायला हवी होती. ती चुकत नाही. कथाकाराला जे म्हणायचं होतं त्यापेक्षा त्याची कथा जास्त शहाणी निघाली, असं आम्हाला वाटतं.

तिसरी कथा मार्कंडेय पुराणातल्या महारोगी ब्राह्मणाची. त्याला गणिकेकडे जायचं आहे आणि त्याची पतिव्रता बायको त्याला खांद्यावर बसवून तिकडं नेते. ही कथा शतकानुशतकं बायकांना सांगितली गेली. तिच्यात नवऱ्याच्या वासनेला जागा आहे, बायकोच्या खांद्याला जागा आहे. बायकोच्या मनाला नाही. आता ही कथा उलटी करून बघा. रोगी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेला नवरा कुठल्या पुराणात आहे? अपंग पुरुषाला सेवा करणारी स्त्री मिळते. अपंग स्त्रीला, म्हणजे कुब्जेला, देवाची भेट मिळते, तीही बरी झाल्यावर. हा फरक पुढं सगळ्या इतिहासात आपल्याबरोबर चालणार आहे.

मग गांधारी. महाभारत सांगतं की होणारा नवरा आंधळा आहे हे कळल्यावर तिनं डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याच्याहून वरचढ होऊ नये म्हणून. आपण तिला महासती म्हटलं. पण व्यवहारानं विचार करा. आंधळ्या माणसाला घरात काय हवं असतं? कुणीतरी सांगावं की आज आभाळ भरून आलंय, थोरल्या पोराच्या चेहऱ्यावर काहीतरी शिजतंय. धृतराष्ट्राला हे सांगायला संजय लागला, कारण बायकोनं स्वतःच डोळे मिटून घेतले होते. त्याग होता खरा, पण त्या त्यागाचा नवऱ्याला उपयोग शून्य. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये ह्या पट्टीला हात घातला. 1968 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेखात पट्टी म्हणजे फसवल्या गेलेल्या मुलीचा राग आहे, आणि म्हातारपणी वनात दोघं नवरा-बायको अखेर एकमेकांशी बोलतात, पट्टी सुटते. आयुष्यभर संसार झाला, शंभर पोरं झाली, आणि बोलणं झालं ते मरणाच्या दारात. आंधळ्या नवऱ्याची आणि डोळस बायकोची प्रेमकथा म्हणून हा लेख वाचा. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी ती लिहिली, आमच्या कादंबरीकारांनी नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्या मराठवाड्याच्या मातीत येऊ. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी सोंगं उभी केली. ती रूपकं आहेत. आंधळा म्हणजे ज्याला देव दिसत नाही तो, बहिरा म्हणजे उपदेश न ऐकणारा. नाथांचं मन किती मोठं होतं हे आम्ही सांगायला नको. पण रूपकाची एक खोड असते. रूपकातला आंधळा कधी आंधळा नसतोच, तो डोळस माणसाला शहाणपण शिकवायला आणलेला असतो. आजही आपल्या कथांतली अपंग माणसं बहुतेक ह्याच कामावर नेमलेली असतात.

आणि त्याच पैठणचा कूर्मदास. हातपाय नसलेला भक्त. पंढरीला जायचं म्हणून तो जमिनीवर सरपटत निघतो आणि लऊळपर्यंत पोचतो. लऊळ म्हणजे आपल्या लातूरकरांना परकं नाही, कुर्डुवाडीजवळचं गाव. तिथून पुढं अंग चालत नाही. तेव्हा विठ्ठल तिथं येतो. आपण ऐकत आलो त्या कथेत कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. देव त्याला बरा करत नाही, भेटतो. कुब्जेची कथा आणि कूर्मदासाची कथा शेजारी ठेवा. एकीत शरीर बदलल्यावर भेट, दुसरीत शरीर आहे तसं आणि भेट आहेच, अंतर तोडून आला तो समोरचा. ही भक्तीची कथा आहे, स्त्रीपुरुषांची नाही, हे मान्य. पण अपंग माणसाची प्रेमकथा कशी लिहावी याचा मराठीतला सगळ्यात जुना आणि चांगला नमुना हाच आहे, असं आमचं मत आहे. तो आपल्या घरात होता. उचलला कुणी नाही.

कारण पुढं जी आधुनिक प्रेमकथा आली तिनं वेगळीच वाट धरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी प्रेमकथेवर ना. सी. फडक्यांचं राज्य होतं. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, म्हणजे आमच्याच विषयाचे. त्यांचे नायक-नायिका देखणे, सुशिक्षित, टेनिस खेळणारे आणि मोटारीतून फिरणारे. प्रेमाआड येणारा अडथळा हा गैरसमजाचा किंवा परिस्थितीचा. शरीर मात्र आरशात बघावं असं. वि. स. खांडेकर ध्येयवादी. त्यांचं पुढं असं झालं की उत्तरायुष्यात त्यांची स्वतःची दृष्टी गेली आणि ते लेखनिकाला सांगून लिहीत राहिले. 1974 चं ज्ञानपीठ मिळालेला हा लेखक आंधळेपणात जगला, पण त्या पिढीच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रेमकथा म्हटल्यावर जे चित्र उभं राहायचं त्यात पांढरी काठी नव्हती.

ती आली 1980 साली, आणि आली हिंदीतून, पण एका मराठी बाईच्या लेखणीतून. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’. नसीरुद्दीन शाह अंध शाळेचा मुख्याध्यापक, शबाना आझमी तरुण विधवा. दोघं प्रेमात पडतात, लग्न ठरतं आणि तो मुख्याध्यापक लग्न मोडतो. का मोडतो? त्याला संशय येतो की ही आपल्यावर प्रेम करत नाही, आपल्या रूपानं त्याग करून घेतेय. गांधारीच्या पट्टीनंतर कितीतरी शतकांनी एका अंध माणसानं पहिल्यांदा म्हटलं, तुझा त्याग नको. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण त्याचं खरं मोल दुसरं आहे. त्यातला अंध माणूस अहंकारी आहे, चिडका आहे, चुकीचा वागतो. त्याला दोष असण्याचा अधिकार दिलेला आहे. आणि तो शेवटी बरा होत नाही. डोळे येत नाहीत. येते ती समजूत.

आता 1993. हे साल लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. किल्लारी आणि भोवतालची गावं. जवळपास दहा हजार माणसं गेली. गेलेल्यांचा आकडा आपण दरवर्षी आठवतो. जी माणसं ढिगाऱ्यातून जिवंत निघाली पण पाय गमावून, हात गमावून, कंबर मोडून, त्यांचं पुढं काय झालं? त्यांत लग्नाच्या वयाची मुलं-मुली होतीच की. ठरलेल्या सोयरिकी होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये राहताना कुणाची सोयरीक टिकली, कुणाची मोडली? पुनर्वसनाच्या अहवालात घरं मोजलेली असतात. ह्या गोष्टी मोजायची पद्धत नाही.

आणि त्याच सुमारास मुंबईच्या रंगभूमीवर ‘ऑल द बेस्ट’ आलं. देवेंद्र पेम यांचं नाटक. तीन मित्र, एक आंधळा, एक बहिरा, एक मुका, तिघं एकाच मुलीच्या प्रेमात. नाटक अफाट चाललं, कितीतरी भाषांत गेलं, आणि भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ह्या नटांना त्यानं नाव दिलं. आम्ही त्या नाटकाला नावं ठेवणार नाही. हसणं हे काही पाप नाही, आणि एक श्रेय त्याला द्यायलाच हवं: त्यातली तिन्ही पोरं प्रेम करायला निघालेली आहेत, कुणाच्या दयेवर बसलेली नाहीत. ती खोटं बोलतात, एकमेकांवर कुरघोडी करतात, तरुण पोरांनी करावं ते सगळं करतात. पण हसू येतं ते ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’ ह्या जुन्या म्हणीच्याच जोरावर. आणि ती मुलगी मात्र धडधाकट, सुंदर. उलटं नाटक, म्हणजे एक आंधळी, एक बहिरी, एक मुकी आणि तिघी एका पोराच्या मागं, चाललं असतं का? प्रेक्षक हसला असता का? मनाशी उत्तर द्या.

त्याच्या थोडं आधी, 1991 मध्ये, ‘चौकट राजा’ आला होता. दिलीप प्रभावळकरांचा नंदू, लहानपणी पडल्यामुळं बुद्धीची वाढ थांबलेला, आणि त्याची बालमैत्रीण मीनल, आता संसारात रमलेली. तिच्या मनात त्याच्याविषयी जे आहे त्याला नाव काय द्यायचं, ह्या प्रश्नाशी चित्रपट प्रामाणिकपणे झगडतो. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ नाटकात आणखी अवघड जागेवर बोट ठेवलं. मतिमंद मुलगा मोठा होतो, मन लहान राहतं पण शरीर थांबत नाही. आईबाप हतबल. इथं प्रेमकथेची एक सीमा दिसते, आणि ती ओळखली पाहिजे. प्रेमाला दोन्ही बाजूंची समजून उमजून दिलेली संमती लागते. ती कुठं शक्य आहे, कुठं नाही, हा भावनेनं सोडवायचा प्रश्न नाही. पण म्हणून शरीराची भूक नाहीच असं मानून झाकण ठेवणं, हाही अन्यायच. दळवींनी झाकण काढलं.

2006 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’. कोड असलेली डॉक्टर तरुणी, तिच्यावर प्रेम करणारा मुलगा, आणि त्याच्या घरातल्या माणसांच्या नजरा. कोड हे कायद्याच्या यादीत अपंगत्व नाही. त्यानं कुठलंही काम अडत नाही. अडतं ते फक्त लग्न. म्हणून तो चित्रपट महत्त्वाचा: व्यंग शरीरात किती आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात किती, याचा हिशोब तो चोख मांडतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन तारखा सांगतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचं कारण होतं. त्याच काळात तिकडं वरोऱ्याला बाबा आणि साधनाताई आमट्यांच्या आनंदवनात बरे झालेल्या रुग्णांचे संसार उभे राहत होते. रोग औषधानं बरा होऊ लागला तरी ते कलम तसंच राहिलं. ते निघालं 2019 मध्ये. दुसरी तारीख 2014: महाराष्ट्र शासनानं अपंग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून 50 हजार रुपयांची योजना काढली. हेतू चांगलाच आहे, गरजू जोडप्याला मदत झालीच पाहिजे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक शंका येते. प्रोत्साहन आपण कशाला देतो? जे माणूस आपणहून करणार नाही त्याला. दोन अपंग व्यक्तींनी एकमेकांशी लग्न केलं तर? त्याला प्रोत्साहनाची गरज नाही, असं त्या कागदानं गृहीत धरलं. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ पुन्हा एकदा कागदाबाहेर राहिली.

बाहेरच्या जगाचं फार वेगळं नाही. 1847 च्या ‘जेन एअर’मध्ये रॉचेस्टर आगीत दृष्टी आणि एक हात गमावतो, तेव्हा कुठं जेन त्याच्या बरोबरीनं उभी राहू शकते. आणि लेखिकेला राहवत नाही, पुढं त्याला थोडं दिसू लागतं. 2012 ची जोजो मोयेसची ‘मी बिफोर यू’ जगभर खपली. तिच्यातला खुर्चीला खिळलेला नायक प्रेम मिळूनही मरण पत्करतो. 2016 मध्ये तिच्यावर चित्रपट आला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या अपंग कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्यासारखं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, हे तुम्ही प्रेमाच्या नावावर विकताय. म्हणजे कथेत अपंग माणसाला तीनच दारं: बरं व्हा, मरा, नाहीतर कुणाच्या तरी त्यागाचं निमित्त व्हा. चौथं दार, म्हणजे जगा, भांडा, संसार करा, ते बंद.

हे चौथं दार मराठीत ज्यांनी ढकललं ती माणसं बहुतेक स्वतः खुर्चीत बसलेली आहेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचा. सोनाली नवांगुळ यांना सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ ह्या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. बायकांच्या कोंडलेल्या इच्छांची ती कादंबरी मराठीत आणली कुणी, तर चाकाच्या खुर्चीवरून जग बघणाऱ्या एका बाईनं. हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. जिच्या इच्छेविषयी समाजानं कधी विचारलंच नाही, तिला दुसरीची न विचारलेली इच्छा नेमकी ऐकू येते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो इथं बसलेल्या लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी. कांट सांगून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, त्याला साध्य माना. लेखकानं हा नियम आपल्या पात्रांना लावावा. तुमच्या कथेतली लंगडणारी मुलगी नायकाचा चांगुलपणा दाखवायला आलीय का? मग ती साधन आहे. तिला स्वतःला काय हवंय, तिला कोण आवडत नाही, ती कुणाला नकार देते, हे लिहा. नकार फार महत्त्वाचा. ‘तुला कोण करणार’ असं जिला आयुष्यभर ऐकवलं, तिनं आलेलं स्थळ नापसंत केलं, ही किती मोठी घटना आहे बघा! आणि तपशील खरे लिहा. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट बंद, प्रियकराच्या आईला भेटायचंय. एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. बहिऱ्या मुलाला अंधारात मुलीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून तो दिवा लावून ठेवतो. प्रेमकथेला लागणारे अडथळे फडक्यांना शोधून आणावे लागायचे. इथं ते पावलोपावली आहेत, आणि ते शरीरानं नव्हे, आपण बांधलेल्या जगानं घातलेले आहेत.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. कायद्यानं यादी वाढवली. गोष्टींची यादी वाढवायचं काम मात्र सरकार करू शकत नाही. किल्लारीच्या त्या पहाटे जे लेकरू आईच्या कुशीत होतं, ते आज तिशी ओलांडून गेलंय. त्यातल्या कुणी जयपूर फूटवर चालत कुणाचा हात धरला असेल, कुणाला हात सोडून जावं लागलं असेल. औसा, निलंगा, उमरगा, ही गावं तुमच्या पायाखालची आहेत. जा, बसा, ऐका. त्यांच्या परवानगीनं ऐका, दया म्हणून नको. आणि लिहिताना कुब्जेची पाठ सरळ करायची घाई करू नका.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि मागं खुर्चीवर बसलेल्या मंडळींना माईक आधी द्या, त्यांना पुढं यायला ह्या सभागृहात उतार नाही.